काळी चारची शेळी

आमच्या दाजींनी उभ्या जन्मात माणसाचा शब्द कधी खरा मानला नाही आणि जनावराचा कधी खाली पडू दिला नाही. माणूस ओठातून बोलतो म्हणून त्याला खोटं बोलता येतं, जनावर पोटातून बोलतं म्हणून त्याला ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत ते नांदेडला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात सलोतरी होते. आजच्या भाषेत ढोरांचे डॉक्टर. मी लातूरहून नोकरीसाठी नांदेडला आलो, कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून म्हणून चिकटलो आणि त्यांच्याच घरी उतरलो. मी बोलण्यात कच्चा. लोक मला पेटीवाला म्हणून ओळखतात आणि मला ते बरं वाटतं, कारण पेटी बोलत असली की मला बोलावं लागत नाही. पण दाजींची एक गोष्ट मी इतकी वर्षं पोटात ठेवली की ती आतल्या आत टोचायला लागली आहे. दाजी गेले. आता सांगून टाकतो.

आधी त्यांचा आवाज सांगायला हवा, कारण सगळं रामायण आवाजाचंच आहे. दाजींचा आवाज म्हणजे एक सार्वजनिक संकट होतं. गोदावरीच्या अलीकडच्या काठावरून त्यांनी "हो रं राजा" म्हणून हाळी दिली, की पलीकडच्या काठावर चरणारा बैल मान वर करायचा आणि त्याच्यासोबत नावेतली चार माणसंही. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वरातीचा घोडा बिथरला. दाजींनी जागेवरूनच "हो!" केलं. घोडा थांबला, भटजी थांबले, वाजंत्री थांबली आणि अंतरपाट धरणाऱ्याच्या हातून अंतरपाट सुटून नवरानवरीने मुहूर्ताआधीच एकमेकांना पाहून घेतलं. शेजारचे देशमुख म्हणायचे, "सलोतरी, तुमच्या गळ्यात कुनीतरी कापूस कोंबला पायजे." दाजी म्हणायचे, "माझ्या गळ्याला बैलाची तक्रार हाय का? न्हाई ना? मग झालं."

घरात शिरताना ते आधी गोठ्यात जायचे, मग माणसांत यायचे. पाहुणा आला की पायरीवरच त्याची खालची पापणी ओढून बघायचे आणि "रगत कमी हाय, कडबा बदला" म्हणून मोकळे व्हायचे. पाहुण्याच्या तोंडावरचा भाव बघून मग "म्हंजे जेवण बदला" अशी दुरुस्ती. देवणी गाय दिसली की रस्त्यात उभं राहून नमस्कार करत. गायीसोबतच्या मालकाला वाटे नमस्कार आपल्यालाच आहे, तो बिचारा परत करायचा. संध्याकाळी गल्लीतून चालताना घराघरातल्या धुराचा वास घेऊन सांगायचे, "इथं कापसाच्या पळाट्या जळून राहिल्या, इथं गवऱ्या, आन् इथं, पाव्हणं, सुनेनं राकेल जास्ती ओतलंय, सासू घरी न्हाई." मला ते पाव्हणंच म्हणत. मी त्यांच्या घरी पुढे आठ-दहा वर्षं राहिलो तरी पाव्हणंच.

असा हा बैलाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस एकाच व्यक्तीपुढे मेंढी व्हायचा: आपल्या आईपुढे. त्यांना सगळी गल्ली बाई म्हणे. बाई अंगाने वीतभर आणि मायेने पोतंभर. अक्कावर त्यांचा सख्ख्या लेकीपेक्षा जास्त जीव. आणि त्याला कारण होतं अक्काचा गळा. अक्का लातूरहून सासरी आली तेव्हा आंदण काही फार नव्हतं, गळा मात्र आणला होता. पहाटे जात्यावर बसली की गल्लीतल्या बायका आपली जाती थांबवत. गुरुवारच्या भजनात मी पेटीवर काळी चारचा सूर धरायचा आणि तिने त्यावरून उठायचं. तेवढा वेळ ती या घरातली सून नसायची, कुणाचीच कुणी नसायची. एरवी दिवसभर ती माझ्यासारखीच, गप्प.

एका गुरुवारी भजनाला जळकोटकडच्या कुणी पाहुण्या बाई आल्या होत्या. त्यांनी अक्काची हनुवटी धरून म्हटलं, "काय बाई गळा! असा गळा म्यां न्हाई ऐकला." झालं. दुसऱ्या दिवशी अक्काला सर्दी झाली आणि आवाज बसला. ऋतू पालटत होता, अर्ध्या नांदेडचा बसला होता. पण बाईंच्या लेखी प्रश्न मिटला होता. नजर. त्याही गळ्यालाच लागलेली.

त्या दिवसापासून बाईंनी सकाळ-संध्याकाळ दृष्ट काढायला सुरुवात केली. देगलूरच्या सुक्या मिरच्या, मोहरी, मीठ, अक्कावरून उतरायचं आणि तिच्या पुढ्यातच निखाऱ्यावर टाकायचं. नजर जड वाटली तर वरून एक बिब्बा. आता जळत्या बिब्ब्याचा धूर म्हणजे काय चीज असते, हे ज्याच्या नाकात गेला त्यालाच ठाऊक. अक्का खोकून खोकून लाल व्हायची. ठसका लागला की बाई म्हणायच्या, "निघाली बघ, नजर निघून चालली!" आणि धूर चुकून वाऱ्याने पलीकडे गेला, ठसका आला नाही, की म्हणायच्या, "दांडगी हाय मेली, हलंना. अजून चार मिरच्या आण." म्हणजे कौल कोणताही येवो, मिरच्या वाढत. सर्दी गेली तरी आवाज परत येईना. महिना होत आला. जात्यावरची ओवी आधी अर्धी झाली, मग नुसती घरघर उरली, मग अक्का मुकाट्याने दळायला लागली. भजनाच्या दिवशी ती दाराआड बसे. वैद्य म्हणाले, असंच चाललं तर गळा कायमचा जाईल.

दाजींनी एकदा, फक्त एकदा, धीर केला. "आई, मला वाटतंय, धुरानं..."

बाईंनी मिरच्यांची देठं मोडता मोडता वर बघितलं. "तू ढोराचा डाक्टर. तुला बायकांच्या गळ्यातलं काय कळतंय?"

दाजी बाहेर आले, गोठ्याच्या खांबाला टेकले आणि मला म्हणाले, "बरोबर हाय तिचं. मग ढोरालाच इचारू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंडवाड्यातल्या तीन बेवारस शेळ्या आणल्या. साळू, भुरी आणि काजळी ही नावं बाईंनीच ठेवली. बाईंना सांगितलं, दवाखान्याच्या आहेत, औषध चालू आहे. चहाच्या एका मोठ्या खोक्याला भोक पाडून दाजींनी धुराची पेटी केली. शेळीचं तोंड भोकातून आत, बाकीची शेळी बाहेर. भुरीला चुलीचा साधा धूर. काजळीला मिरच्या, मोहरी, मीठ आणि बिब्बा, अगदी बाईंच्या मापाने. साळूला काहीच नाही. तिने नुसतं खोक्यात तोंड घालून उभं राहायचं, म्हणजे नंतर कुणी खोक्यावर ठपका ठेवायला नको. प्रत्येक वेळी धूर देऊन झाला की दाजी काजळीच्या गळ्यात हात टाकून तिची माफी मागायचे आणि तिला गूळ घालायचे. भुरी आणि साळू तोंड वळवून उभ्या राहायच्या. गूळ सगळ्यांना मिळेपर्यंत पुढचं काम बंद.

आणि या सगळ्यात माझं काम? मी पेटी घेऊन गोठ्यात बसायचो आणि शेळीचा सूर काढायचो. हसा खुशाल. दाजींचं म्हणणं, "आवाज बसला" हे काही मोजमाप नव्हे, किती बसला ते सांगा. ते बाभळीची शेंग शेळीच्या नाकासमोर धरून मागे घ्यायचे, शेळी ओरडायची आणि मी घाईघाईने पट्ट्या चाचपायचो.

"हं, पाव्हणं? काळी का पांढरी?"

"दाजी, ती मधेच कुठंतरी ओरडली."

"मधी काय अस्तंय? पेटीला मध न्हाई. नीट आयका. ए काजळे, पुन्यांदा म्हण माय."

शेळीचा षड्ज स्थिर नसतो, हे संगीताच्या कुठल्याही उस्तादाला ठाऊक नसलेलं सत्य मी त्या गोठ्यात शिकलो. तरी हळूहळू कान तयार झाला. काजळी निघाली होती चक्क काळी चारवर, अक्काच्याच सुरावर. हे कळलं तेव्हा दाजी तिच्याकडे बघतच राहिले आणि त्या दिवशी तिला धूर दिला नाही. दुसऱ्या दिवशी दिला. दहा-बारा दिवसांत ती पांढरी पाचवर आली, मग आणखी खाली घसरत पांढरी तीनला येऊन घरघरायला लागली. भुरी थोडी उतरली. साळू जिथल्या तिथे.

यातच एकदा आम्ही शेळ्या आणि पेटी घेऊन दवाखान्याच्या पडवीत बसलो असताना मोहतमीम साहेब, म्हणजे खात्याचे वरिष्ठ, तपासणीला आले. शेरवानी, काठी, अत्तर. मी पेटीचा भाता धरलेला, दाजी शेंग धरलेले, काजळी तोंड उघडलेली.

"क्या जी सलोतरी, ये दवाखाना है की मुशायरा?"

दाजी ताडकन उभे राहिले. "हुजूर, बकरी का बयान ले रा हूँ."

साहेबांनी काजळीकडे पाहिलं. काजळीने पांढरी तीनमध्ये बयान दिलं. साहेब म्हणाले, "इसका गला बैठ गया है. मुलेठी दो," म्हणजे ज्येष्ठमध द्या, आणि निघून गेले. दाजी पुढे दोन दिवस सांगत होते, "हुजुरांना कळलं. माझ्या घरात मात्र कळंना."

नुसत्या सुरावर बाई मानणार नाहीत, हे उघड होतं. त्यांना दिसायला हवं होतं. एक लमाणीण बैल घेऊन दवाखान्यात आली होती. दाजींनी तिच्या ओढणीवरचा एक आरसा मागितला. ती पदराआड हसली. "आरसा कशाला गा? तोंड बघाया?"

"तोंड न्हाई माय. तोंडाच्या आतलं."

तो बोटभर आरसा त्यांनी चमच्याच्या दांड्याला डाख देऊन तिरका बसवला. शेळीला उन्हात उभं करायचं, जबडा उघडायचा, आरसा पडजिभेपर्यंत न्यायचा, की आत खोल कंठातले ते दोन पडदे दिसायचे, ज्यांच्या कंपातून सगळा आवाज निघतो. मीही पाहिले. साळूचे जुईच्या पाकळीसारखे. काजळीचे फुटलेल्या डाळिंबासारखे, सुजलेले, एकमेकांना नीट भेटतही नव्हते. मला शेळी दिसेना. मला दाराआड बसलेली अक्का दिसायला लागली.

दाजींनी बाईंना गोठ्यात बोलावलं. आयुष्यातलं सगळं धैर्य गोळा करून चमचा त्यांच्या हातात दिला. बाईंनी साळूचा गळा पाहिला. भुरीचा पाहिला. काजळीचा पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजींनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

"आरं रामा," बाई म्हणाल्या, "हिलाबी नजर लागली! तरी मीच म्हणत व्हते, किती गुणाचं लेकरू, किती गुणाचं लेकरू." आणि त्या लगबगीने आत जाऊन मिरच्या घेऊन आल्या. काजळीची दृष्ट काढली. मग भुरीची. मग, अजून लागली नाही पण लागू नये म्हणून, साळूचीही. गोठा धुराने भरला, तिन्ही शेळ्या एका सुरात खोकल्या, आणि आमची एकुलती एक बिनधुराची साक्षीदार तिथेच बाद झाली.

मी खोकत खोकत इतका हसलो की भिंत धरावी लागली. दाजी हसले नाहीत. ते चमचा धोतराला पुसत उभे होते. आत स्वयंपाकघरात बाई अक्काला बोलावत होत्या. तिची संध्याकाळची धुराची पाळी राहिली होती.

त्याच रात्री जेवताना दाजी आईला सहज म्हणाले, "आई, माझंबी नरडं बघून ठेव की एकदा. सगळ्यांचं बघितलंस." सकाळी बाईंनी हौसेने त्यांना उन्हात बसवलं, आरसा आत घातला. "चांगलं हाय. केळीच्या गाभ्यावानी हाय." दाजी म्हणाले, "ध्यानात ठेव," आणि दवाखान्यात गेले.

दुपारी मी गोठ्यात गेलो तर खोक्याच्या भोकात दाजींचं डोकं.

मी पेटी तिथेच मिटली. म्हटलं, हे मी होऊ देणार नाही, अक्काला सांगतो. त्यांनी डोकं बाहेर काढलं. डोळे लाल, नाक वाहतंय. "पाव्हणं, काजळीला कुठं दुखतंय ते सांगता आलं न्हाई. मला सांगता येतंय, मग मीच बरा. आन् शेळीचं नरडं आईला परकं. लेकाचं वळखू येईल." मग त्यांनी माझा हात धरून पेटीवर ठेवला. "शप्पत घ्या. अक्काला कळता कामा न्हाई. ती बसू द्यायची न्हाई मला."

मी शप्पत घेतली. मग पेटी उघडली, कारण त्यांना आपला सूर किती उतरला ते रोज कळायला हवं होतं. ते हाळी द्यायचे, मी पट्टी शोधायचो. गोदावरीपलीकडे पोचणारा तो आवाज आधी नदीच्या मध्यावर बुडायला लागला, मग अलीकडच्या घाटावर, मग आमच्या अंगणात. घरात विचारलं तर म्हणायचे, सर्दी आहे. मी रोज म्हणायचो, आता पुरे. ते म्हणायचे, "अजून रंग पक्का न्हाई."

शेवटी एका सकाळी ते आईसमोर उन्हात बसले आणि तोंड उघडलं. अक्का नदीवर गेली होती. बाईंनी आरसा आत घातला, बाहेर काढून पदराला पुसला आणि पुन्हा घातला.

"कुनाची रे नजर लागली तुला?"

दाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आई, नजर लागायला कुनीतरी वा म्हणावं लागतंय. अख्ख्या नांदेडात माझ्या नरड्याला वा म्हणलंय कुनी? आठव."

बाईंनी खरंच आठवून पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. देशमुख आठवले असतील, ते भटजी आठवले असतील, नावेतली माणसं आठवली असतील. साऱ्या पंचक्रोशीत त्या गळ्याचं कौतुक केलेला एकही जीव निघेना.

"न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

"मग ह्ये कशानं झालं? तुझ्याच मिरच्या. तुझाच बिब्बा. गोठ्यात बसून घेतला म्यां. दुसरं काय बी न्हाई."

बाईंनी चमचा खाली ठेवला. बराच वेळ त्या स्वतःच्या तळहाताकडे बघत होत्या, जणू त्यावर अजून मोहरी चिकटली होती. मग उठल्या, मिरच्यांचा डबा घेतला आणि फळीवर अगदी मागे सारून ठेवला. अक्का धुण्याची बादली घेऊन आली तेव्हा तिला एवढंच म्हणाल्या, "तुझी नजर उतरली गं आता. काही नगं करायला." त्या वारल्या तोवर त्यांच्या तोंडून यातला एक शब्द बाहेर आला नाही. त्यांनीही बहुतेक शप्पत घेतली होती.

अक्काचा गळा हळूहळू उघडला. चार महिन्यांनी ती पुन्हा भजनाला बसली. पण ती बसली पांढरी तीनवर. मी काळी चार दिली तर नकाराची मान हलवायची. मला वाटलं, उशीर झाला. वरचा गळा गेला तो गेला. दाजींचा तर कायमचाच गेला. ते पुढे बैलांना घंटा वाजवून बोलवायला लागले, आणि देशमुखांनी गल्लीत पेढे वाटले नाहीत एवढंच. अक्काने निष्कर्ष काढला तो जर्द्याचा. दाजी जेवणानंतर चिमूटभर जर्दा खायचे. "जर्द्यानं घालवला गळा," ती उठता बसता म्हणायची. दाजी मान खाली घालून ऐकायचे. त्यांनी जर्दा कधीचा सोडला होता. पण थाप टिकावी म्हणून रिकामी डबी खिशात ठेवत, चारचौघांत ती उघडून काहीच नसलेल्यातून चिमूट घेत आणि ओठात ठेवत. अशी कितीतरी वर्षं. काजळी आमच्याच गोठ्यात म्हातारी झाली. तिचा आवाज शेवटपर्यंत दाजींसारखा होता. लांबून दोघांतला फरक कळत नसे.

भजनात मात्र दाजी येऊन बसायला लागले. पूर्वी त्यांना कुणी बसू देत नव्हतं. आता त्यांच्या गळ्यात एकच सूर उरला होता, पांढरी तीनचा, तोही घोगरा. अक्का गायची आणि ते मागून तेवढा एक सूर धरून गुणगुणायचे.

गेल्या वर्षी दाजी गेले. दिवस-वार झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी पेटी काढली आणि सवयीने पांढरी तीन दाबली. अक्का म्हणाली, "तिथं नगं. काळी चार दे."

मी दिली. अक्का साठीला टेकलेली. आवाज वयाने थोडा कापला, पण सरळ वर गेला. सगळा होता. इतकी वर्षं सगळा तिथेच होता. माझ्या हातातून भाता सुटला.

मग मी तिला सगळं सांगितलं. खोकं, बिब्बा, शप्पत, रिकामी डबी. ती वाती वळत होती, थांबली नाही.

"गोठा आन् माझी चूल, मधी एक भिंत," ती म्हणाली. "शेळ्या तीन आन् दुपारी वरडायच्या चार. मला सूर कळंत न्हाई व्हय रं?"

"मग तू थांबवलं का नाहीस?"

"कळलं तवर त्यांचा गेला व्हता." पुढची वात घेत म्हणाली, "डबी रोज मीच पुसून ठेवायची. रिकामी हाय हे कळू दिलं न्हाई त्यान्ला."

"आणि काळी चार?"

तिने वात तुपात बुडवली.

आता गुरुवारी आम्ही काळी चारवरच गातो. पण माझं बोट अजून आधी पांढरी तीनवर जातं. अक्का रागावत नाही. तो सूर पुरता वाजून विरेपर्यंत ती तोंड उघडत नाही. मग मी पट्टी बदलतो आणि ती सुरू करते.